कॉम्प्रेसरच्या जागी एक चाक

आता मला सांगा, गाडीतली गार हवा बंद पडली तर गाडीनं का थांबावं? घरातला पंखा बंद पडला म्हणून कोणी घराबाहेर जाऊन बसतं का? पण नाही. गुरुवारी सकाळी आमच्या म्हाताऱ्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला. एकटा जाम झाला असता तर मी त्याला काही म्हटलं नसतं, पण ह्या गाड्यांत पट्टा एकच असतो, तोच कॉम्प्रेसरवरून जातो, तोच पाण्याच्या पंपावरून, तोच बॅटरी भरणाऱ्या यंत्रावरून, म्हणजे घरात एकानं बसकण मारली की सगळ्यांची कामं बंद. पट्टा किंचाळतोय, रबर जळतंय, शेजारणीचं कुत्रं पायऱ्या उतरून पळालंय... आणि मी बॉनेट उघडून बघत उभा. मी घाईचा माणूस नाही, तुम्हाला सांगतो.

घाई होती आमच्या डार्लीनला. डार्लीन म्हणजे माझी मुलगी, टूसॉन शहरात असते, दीड तासावर. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं तेव्हापासून तिचा एकच धोशा, डॅडी, गाडीची किल्ली मला देऊन टाक. इकडे सगळ्यांचीच मुलं किल्लीपासून सुरुवात करतात, मग चेकबुक, मग घर. त्यात मागच्या जूनमध्ये तिची आई तिच्या दारातच भोवळ येऊन बसली, गाडीतली हवा तेव्हाही कुरकुरत होती. झालं. फोनवर म्हणते, आणि कशी म्हणते, दवाखान्यातली बाई लहान पोराला सुई टोचण्याआधी बोलते ना, तशी, "डॅडी, शनिवारी बाराला जेवायला या दोघं. तूच चालवत ये. मम्मी गारेगार उतरली तर मी किल्लीचं नाव काढणार नाही. घामाघूम उतरली तर किल्ली माझी. कबूल?"

कबूल म्हटलं. काय म्हणणार? आमच्या बिस्बी गावात दुकानं सगळी खाली, घर वर डोंगरावर, मध्ये एकशे चाळीस पायऱ्या. किल्ली गेली की मी म्हणजे ओट्यावरची कुंडी. कोणी पाणी घातलं तर घातलं.

तर गेलो रुबेनकडे. गाडीचे सुटे भाग विकतो, माझ्या बरोबरीचा आहे, पण बोलतो माझ्या बापासारखा.

"कॉम्प्रेसर? दहा दिवस लागतील."

"मला शनिवारी जायचंय रे."

"मग मेणबत्ती लाव चर्चमध्ये," म्हणाला, आणि खालून एक खोकं काढलं. "हे घे. बायपास पुली. कॉम्प्रेसर काढायचा, त्या जागी हे चाक बसवायचं. काही करत नाही, नुसतं फिरतं. माझा मेव्हणा नगरपालिकेत आहे, तसं."

"आणि गार हवा?"

"हार्लन, तुला गाडी चालायला हवीय की हवा खायला?" आणि मी दारात पोचल्यावर मागून ओरडला, "पट्टा काढायच्या आधी तो कुठून कसा गेलाय त्याचं चित्र काढून ठेव."

मला सांगतो! पट्टा! अहो, खाण बंद पडेपर्यंत तेवीस वर्षं मी दगड वाहणाऱ्या पट्ट्यावर काढली, शाळेत जेमतेम चार, पण पट्ट्यावर तेवीस. मी चित्र काढू? चित्र नाही काढलं. शांतपणे पट्टा उतरवला, एक एक बोल्ट सोडवून कॉम्प्रेसर काढला (गॅस त्याच्यातून केव्हाच उडून गेला होता), चाक बसवलं, हातानं फिरवून बघितलं, काय छान फिरत होतं... आणि मग पट्टा हातात घेऊन अर्धा तास उभा. खाणीतला पट्टा सरळ जायचा हो. हा सापासारखा, ह्याच्या पोटाखालून, त्याच्या पाठीवरून. बॉनेटच्या आत चिकटवलेला पट्ट्याचा नकाशा धगीनं कोरा झालेला. ओट्यावरून नादीन, आमची बायको, "झालं का?" मी म्हटलं, मी घाईचा माणूस नाही. शेवटी बसवला एकदाचा. घट्ट बसला. घट्ट बसला म्हणजे बरोबर बसला, असं मला वाटलं.

नादीनला सगळं खरं सांगितलं. पंचावन्न वर्षांच्या संसारात लपवायचं कुठे? तिनं बर्फाच्या पेटीत निळा ब्लाउज घडी करून ठेवला, दोन बर्फाच्या पिशव्यांमध्ये. "डार्लीनच्या कोपऱ्यावर थांब," म्हणाली, "मी हा चढवीन. मिठी मारेल तेव्हा मी गार लागले पाहिजे." मी म्हणतो, सरकारात ह्या बाईला का नाही घेत?

शनिवारी निघालो. खिंडीचा चढ चढतोय, आणि बघतो तर इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर. आणखी वर. आता, इंजिन तापलं की काय करतात? हीटर लावतात. हो, हीटर. इंजिनाची धग गाडीत ओढून घ्यायची म्हणजे इंजिन जरा निवतं. बाहेर पारा एकशे आठ फॅरनहाइट, कपाळाला हात लावला तर चटका, आणि मी हीटर पूर्ण सोडलेला. काटा उतरला. नादीन काट्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"हार्लन, एक विचारू? आपण कॉम्प्रेसर काढला, की तंदूर बसवला?"

"जरा धीर धर, मी घाईचा माणूस—"

"ते वाक्य पुन्हा बोललास तर मी चालत्या गाडीतून उतरेन."

वाटेत बेन्सनला पेट्रोलपंपावर थांबलो. एक ट्रकवाली बाई बर्फाचं सरबत ओढत होती, मला बघून आली, बॉनेटमध्ये डोकावली आणि हसायलाच लागली. "आजोबा, पट्टा उलट्या बाजूनं घातलाय. पाण्याचा पंप मागे फिरतोय तुमचा." तेवीस वर्षं म्हटलं ना मी तुम्हाला? एका पोरीनं दहा मिनिटांत लावून दिला. काटा जागेवर. मी हीटर बंद करायला गेलो, आणि हीटरची खुंटी माझ्या हातात आली. मुळासकट. हीटर सुरूच.

पुढचा पाऊण तास मी सांगत नाही. काचा उघडल्या तर बाहेरची आग, मिटल्या तर आतली. नादीन बर्फाची एक पिशवी डोक्यावर, एक मांडीवर, मधूनच देवाचं नाव, मधूनच माझं, सूर एकच.

पण कोपऱ्यावर थांबलो. तिनं तोंड पुसलं, गार ब्लाउज चढवला, उतरली ती राणीसारखी. बाराला पाच कमी. डार्लीननं दारातच मिठी मारली आणि ओरडली, "मम्मी, तू तर थंडगार आहेस गं!" नादीन म्हणाली, "तुझ्या बापाला कितीदा सांगितलं, एसी थोडा कमी कर." जिंकलो. डार्लीन माझा गाल दाबून म्हणाली, "डॅडी, माझं चुकलं. किल्ली तुझीच. फक्त आत्ता पाच मिनिटं दे, माझ्या गाडीचा एसी कालच गेलाय. आइस्क्रीमचा केक आणायचाय, वाटेत वितळेल."

मी नादीनकडे बघितलं. नादीननं छताकडे बघितलं. हात खिशात गेला आणि कधी नव्हे ती मी घाई केली, पोरीला म्हटलं, मीच आणतो केक, मीच... "बस तू, डॅडी, दमलायस," म्हणाली आणि किल्ली घेऊन गेली.

पाच मिनिटं नाही, वीस मिनिटं. मी खिडकीशी, नादीन खुर्चीत, भिंतीवर घड्याळ. डार्लीन आली ती टोमॅटोसारखी लाल, केस कपाळाला चिकटलेले, हातात खोकं, खोक्याच्या कोपऱ्यातून गुलाबी पाणी गळतंय. खोकं टेबलावर ठेवलं, किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली, चेन ओढली, आणि म्हणाली, "जेवायला या. केक वाटीतून प्यावा लागेल."

परत आम्ही बसनं आलो. बसमध्ये एसी इतका होता की नादीनला हुडहुडी भरली, आणि तिनं तेही माझ्याच माथी मारलं.