तपासणीच्या दिवशीची उसनी पोरं

शाळेतल्या बाई म्हणाल्या, आक्का, तुमची हकिकत सांगा, मी लिहून घेते. पण समोर कुणी वही घेऊन बसलं की माझ्या तोंडातनं शब्द फुटत नाही, म्हणून घरीच बसून लिहिते आहे, बोलल्यासारखंच. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं माहेर निपाणीच्या अलीकडं हायवेला लागून आणि सासरची वाडी कोगनोळीच्या अलीकडं, तीही हायवेला लागूनच, दोन्ही कर्नाटकात पण बोली मराठी. म्हणजे माझा सगळा जन्म गाड्यांचा आवाज ऐकत गेला. गावात शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीची शाळा रस्त्याच्या पलीकडं. आमचे आप्पा म्हणाले, पोरीच्या जातीनं एवढा रस्ता वलांडून जायाचं न्हाय, झालं तेवढं बास झालं. मला पाढे तीसपर्यंत येत होते, गुरुजी घरी सांगायला पण आलते, पण आप्पांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. तो रस्ता मी तवा वलांडला नाही, तो राहिलाच.

मग आईबरोबर निपाणीला तंबाखूच्या वखारीत जायला लागले. तिथं माझ्या शेजारी गंगव्वा म्हणून हुक्केरीकडची बाई बसायची, तिला मराठीचा गंध नव्हता आणि मला कानडीचा. पण दिवसभर शेजारी बसायचं म्हटल्यावर किती दिवस मुक्यानं बसणार, काय सांगू तुम्हाला, पहिलं शिंकणं कळलं, मग हसणं कळलं, मग भांडण, आणि दोन वर्षांत मी कानडीत तिच्या सासूला नावं ठेवायला लागले. चौथीच्या पुढचं माझं शिक्षण म्हणाल तर ते एवढंच.

लग्न झालं, मुलगा मोठा झाला, आणि आमच्या वाडीतल्या सरकारी मराठी शाळेत मला जेवण करायचं काम लागलं. सकाळी दूध, दुपारी भात-सांबार, कधी उपीट, अंड्याच्या दिवशी अंडं आणि जैनांच्या पोरांना केळं. कुणाला भाजीतला कांदा नको, कुणाला भाताच्या आधी सांबार पाहिजे, कुणाची आई आजारी आहे म्हणून पोर सकाळपासनं उपाशी आलंय, हे मला ताटाकडं बघून कळतं. शाळेत मी चुलीपाशीच बोलते, वर्गात पाय ठेवत नाही. साहेब कुणी आले की पदर घेऊन दाराआड.

पोरं कानडी वाचतात पण बोलत नाहीत, अशी बाईंची काळजी. घरात मराठी, शाळेत मराठी, बोलणार कुणाशी. तेव्हा मी एक रीत पाडली. पहिला भात मुकाट्यानं मिळंल, दुसरा पाहिजे तर कानडीत मागायचा, इन्नष्ट हाकरी, म्हणजे अजून वाढा. पहिले आठ दिवस पोरं लाजली आणि भात उरला. मग अशी सुटली की बास. सांबार पातळ झालंय हे सुद्धा कानडीत सांगायला लागली, आणि ते मला मुकाट ऐकून घ्यावं लागलं, रीत माझीच ना.

गेल्या वर्षी एक छापील कागद आला. बाईंनी तो माझ्या स्वयंपाकाच्या खोलीच्या भिंतीला लावला, कारण वर्गात ओल येते. त्यावर तीन रकाने, आमची शाळा, जिल्हा आणि राज्य. मी बाईंना म्हटलं, एवढं मोठं राज्य आणि आमची दीड खोली, शेजारी शेजारी बसवली व्हय हो. बाई हसल्या आणि वाचून दाखवायला लागल्या. मराठी वाचनात आम्ही राज्याच्या वर. गणितात जरा वर. कानडीत खाली, कारण ती परीक्षा माझी रीत पडायच्या आधीची. पोरींच्या संडासाला दार नाही, तिथं खाली. आणि पटात तर लईच खाली, एकवीस पोरं. बाईंचं हसणं तिथं थांबलं. म्हणाल्या, आक्का, पट बी कमी आणि कानडी बी कमी राहिलं, तर ही शाळा रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिळवतील. दिवाळी झाली की तालुक्याच्या मॅडम तपासायला येणार आहेत.

रस्त्यापलीकडच्या, एवढंच मला ऐकू आलं. आता तर तो रस्ता माझ्या वेळेपेक्षा तिप्पट रुंद झालाय. पहिलीतली पोरं तो कशी वलांडणार आणि कुणाचा आप्पा वलांडू देणार?

शाळा कमिटीच्या अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. बायका चार, पुरुष बारा, आणि उपाय निघाला तो ऐका. आमच्याकडं दसऱ्याची सुट्टी संपून शाळा लगेच सुरू होते, पण कागलकडं, म्हणजे महाराष्ट्रात, अजून दिवाळीची सुट्टी असते. आणि भाऊबिजेला वाडीतल्या सगळ्या लेकी पोरं घेऊन माहेराला आलेल्या. अण्णा म्हणाले, घरात पोरं उड्या मारत्यात, बसवा की एक दिवस वर्गात, भाचरं काय परकी हैत काय. बाई नको नको म्हणत होत्या. अण्णा म्हणाले, तुमी निस्तं गप्प बसा बाई, बाकीचं आम्ही बघतो.

तपासणीदिवशी दहा भाचरं नव्या कपड्यात पुढं बसवली. आमची एकवीस जुन्या गणवेशात मागं. मॅडम धारवाडकडच्या, स्वभावानं मऊ वाटल्या. पुढच्या पोरीला कानडीत नाव विचारलं. ती बघतच राहिली. शेजारच्याला विचारलं, तो पण गप्प. तिसरी कागलची एक चुणचुणीत पोरगी, ती उठून म्हणाली, आमचा मामा म्हणाला, कायबी इचारलं तर निस्तं हसायचं. आणि हसली.

अण्णांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. बाईंचा चेहरा पांढरा पडला. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि मला कळलं की कानडीच्या रकान्यात आमची पोरं बुडाली, तोंड न उघडताच बुडाली. मी दारात पळी घेऊन उभी होते. बोलले तर पट जातोय, न बोलले तर कानडी जातंय. आणि मागच्या ओळीत बसलेली माझी पोरं माझ्याकडं बघत होती, रोज दुसऱ्या भाताला बघतात तशी.

कसं झालं कोण जाणे, मी वर्गात पाय ठेवला आणि कानडीत म्हणाले, मॅडम, इवु नम्म मक्कळ अल्लरी, बीगर मक्कळरी. म्हणजे ही आमची नव्हेत, पाहुण्यांची पोरं हैत. आमची मागं बसल्यात, त्यांना विचारा, आणि भुकेच्या वेळेला विचारा.

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं आता संपलं. त्या म्हणाल्या, मग पाहुण्यांना आधी वाढा. आणि स्वतः माझ्याजवळ उभ्या राहिल्या. आमची रांग आली, पहिल्यापासनं शेवटच्यापर्यंत कानडीत मागत गेली. मॅडमनी प्रत्येकाशी दोन दोन गोष्टी केल्या, घरात कोण कोण, म्हशीचं नाव काय. दुसरीतल्या एकीनं तर मॅडमना उलटं विचारलं, तुम्हाला अजून वाढू का? जाताना त्यांनी बाईंना सांगितलं, कानडी मी चांगलं लिहिलंय, पट खरा लिहिलाय, एकवीस. शाळेला हे वर्ष मिळंल. पुढच्या जूनला पोरं वाढली न्हाईत तर माझ्या हातात काही नाही.

त्या गेल्यावर अण्णा मला म्हणाले, आक्का, पंधरा वर्सं तोंड उघडलं न्हाईस, नेमकं आजच उघडायचं व्हतं व्हय गं? माझ्या अगदी ओठावर आलतं की अण्णा, तुमची नात कुठल्या शाळेत जाती? पण गिळलं. कारण माझी नात आरोही सुद्धा रोज सकाळी व्हॅनमध्ये बसून निपाणीला इंग्रजी शाळेत जाते. मी दुसऱ्यांच्या पोरांना वाढते आणि माझीच पोर दुसरीकडं डबा खाते. हे मी इतकी वर्षं स्वतःशी सुद्धा बोलले नव्हते.

घरी येऊन सूनबाईला म्हटलं, आरोहीला आपल्या वाडीच्या शाळेत घालू या. ती बारावी शिकलेली, कधी उलटून बोलत नाही. म्हणाली, आत्या, इंग्रजीचं काय? मी म्हटलं, बाई दुसऱ्या तासाला शिकवतात. म्हणाली, आणि संडासाला दार न्हाय त्याचं काय, पोरगी हाय आपली. एका शनिवारी ती स्वतः शाळेत आली, भिंतीवरचा कागद बोट ठेवून वाचला, वर्गात मागं बसून एक तास ऐकला, आणि जाताना म्हणाली, दार बसू दे, मग बघू.

मी अण्णांना सांगितलं. रागावलेला माणूस, पण पंधरा दिवसांत दार बसवलं, आतनं कडी सुद्धा. म्हणाले, तुझ्या सुनंला सांग, आता तुझी पाळी. आणि आपल्या नातीचं नाव मात्र काढलं नाही, ते मी अजून काढणार आहे.

आता जून जवळ आलाय. सूनबाई व्हॅनवाल्याला पुढच्या वर्षासाठी अजून हो म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. मार्चात एकदा व्हॅनला सुट्टी होती म्हणून आरोही माझ्याबरोबर शाळेत आली, रांगेत उभी राहिली, आणि कुणी न शिकवता म्हणाली, इन्नष्ट हाकरी. मी वाढलं. जरा जास्तच वाढलं.

राहिली शाळा तर राहिली, न्हाय तर देवाची मर्जी. पोरींनो, शिका. कुठल्याबी भाषेत शिका, पोटभर जेवा. तो रस्ता वलांडायचाच हाय तुम्हाला, पण आत्ता नको. मोठ्या व्हा, मग वलांडा, पलीकडच्या थांब्यावर एसटीला हात करा, कोल्हापूरला जा न्हाईतर बेळगावला जा. मी अलीकडं उभी राहून बघत असंन.