बाईंनी दिलेला शेरा

आजोबा : समज, तुझं अर्धं तोंड झोपलंय. सूप ओठातून ओघळतंय आणि तुला पत्ताच नाही.

नात : ईऽ! आजोबा, मी जेवतेय ना!

आजोबा : काल आत्याही जेवतच होती. तू ताट उचलून पळालीस.

नात : मग काय करू? अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिची लाळ टेबलावर पडते. मला मळमळतं. मी आहेच तशी. बाईंनी प्रगतिपुस्तकात लिहिलंय, फास्टिडियस! मी शब्दकोशात बघितलं. ‘टापटिपीबाबत फार काटेकोर.’

आजोबा : आणि पहिल्या ओळीवरच कोश मिटलास. आण इकडे. शेवटी बारीक अक्षरांत शब्दाचं मूळ असतं, ते वाच.

नात : ‘लॅटिन, फास्टिडियम. किळस, शिसारी.’ शी!

आजोबा : त्याच्याही पोटात दोन शब्द असावेत म्हणतात. फास्टस म्हणजे ताठा, टीडियम म्हणजे वीट.

नात : म्हणजे बाईंनी मला शिवी दिली?

आजोबा : नाही गं. आता अर्थ चोखंदळ असाच आहे. बाईंनी तुझ्या वह्या बघितल्या, कालचं जेवण नाही.

नात : पण मला ताठा नाहीये. नुसती किळस येते. मी काय मुद्दाम आणते?

आजोबा : किळस पोटातून येते, तिला कोण अडवणार? पण दार आपटून ‘तिला माझ्यासमोर बसवू नका’ म्हणालीस, ते काय पोट बोललं?

नात : ...तिनं ऐकलं?

आजोबा : तोंड झोपलंय तिचं, कान नाही. तेव्हापासून ‘भूक नाही’ म्हणते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर परत नाकातून नळी घालावी लागेल.

नात : शी. आता माझीच किळस येतेय मला.

आजोबा : येऊ दे. पण ती कुरवाळत इथंच बसलीस, तर आत्याच्या पोटात काय जाणार?

(नात सुपाची वाटी घेऊन आत्याच्या खोलीत जाते.)

आत्या : नको गं, सोनू. तुला मळमळेल.

नात : मळमळतंयच. खोटं कशाला बोलू? तू खा, मी मळमळते.

आत्या : सांडतंय बघ.

नात : दिसतंय मला. हनुवटी इकडे कर.