अमेरिकेतली टाळेबंदी आणि माझी शेवंती

अमेरिकेतल्या मालकांनी माझा हारांचा धंदा बुडवला, हसू नका, खरं सांगतेय. अठ्ठ्याण्णव साल. माझी सुनीता शाळेत बास्केटबॉल खेळायची. पहाटे टीव्हीवर अमेरिकेतली बास्केटबॉलची मॅच लागली की ती बघत शेवंतीचे हार ओवायची. मॅच संपेतो टोपली भरलेली. एक दिवस उठलीच नाही.

"मॅच नाही आई. पगारावरून भांडण झालंय. तिथल्या संघांच्या मालकांनी खेळाडूंना टाळं लावलंय."

मी थेट केबलवाल्या बाळूला गाठलं. "चॅनल का कापलंस रे?"

"नाही हो मावशी, खरंच टाळेबंदी आहे!"

"मला नको शिकवू. आमच्या ह्यांच्या सातपूरच्या कंपनीतही झाली होती. पुढच्या गेटला टाळं अन् मागच्या गेटातून माल चालूच! खरं सांग, त्या मॅच दुसऱ्या कुणाला दाखवतोस?"

तो हात जोडून पळाला.

थंडी सरता सरता मॅच परत लागल्या. मी सुनीताला हलवलं, "ऊठ, तुझे ताडमाड गडी आले कामावर."

गोधडीतूनच म्हणाली, "मला आता क्रिकेट आवडतं. ते साडेनऊला लागतं."

साडेनऊला हार कोण घेतं? तोवर सगळ्यांचे देव पुजून झालेले असतात. मला तर अजून संशय आहे, त्या मालकांना ही पोरगीच सामील होती.