न कापलेली चार मिनिटं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तंत्रज्ञ संघटनेचे ज्येष्ठ छायालेखक, व्यासपीठावर विराजमान स्टुडिओच्या मालकीणबाई, सत्कारमूर्ती कात्रीदादा, पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या वहिनी, आणि चहा कधी मिळणार म्हणून मघापासून दाराकडे बघणाऱ्या माझ्या तमाम मित्रांनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. चाळीस वर्षं संकलनाच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला निरोप द्यायला ती कमीच. पण बोलणारा लेखक आहे म्हटल्यावर दादांना ती फार वाटत असणार. मी पटकथा वाचायला लागलो की ते दोन बोटांची कात्री करून हवेत चालवायचे. त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं.

आपण सगळ्यांनी मिळून किती सूडपट केले असतील? पहिल्या रिळात खून, दुसऱ्यात एखादी वस्तू सापडते आणि नायक त्या वस्तूमागोमाग कुणाचा तरी जीव घ्यायला निघतो. आता मला सांगा, त्या संशयिताला कुणी साधं विचारत का नाही, की बाबा रे, हे तूच केलंस का? विचारलं, तर चित्रपट मध्यंतराआधीच संपेल आणि आम्हा लेखकांना घरी बसावं लागेल.

दादांचा आणि माझा पहिला चित्रपट असाच होता. धाकट्या भावाचा खून होतो. त्याचं घड्याळ एका घड्याळजीच्या दुकानात सापडतं आणि थोरला भाऊ त्या बिचाऱ्याला मारून टाकतो. शेवटी त्याच दुकानात त्याला पावतीपुस्तक मिळतं. धाकट्याने खुनाच्या दिवशी सकाळी स्वतःच घड्याळ दुरुस्तीला टाकलेलं असतं. चार मिनिटांचा प्रसंग, संवाद एकही नाही. जन्मात मी काही बरं लिहिलं असेल, तर तेवढंच.

प्रदर्शनाच्या दिवशी मी तिकीट काढून मागच्या रांगेत बसलो. मारामारी झाली, घड्याळजी मेला, आणि थेट ‘समाप्त’! माझी चार मिनिटं गायब. तळपायाची आग मस्तकात गेली. चित्रपटावर कात्री कोण चालवतं? झालं, गुन्हेगार सापडला. मी दादांना विचारलं नाही. रागाच्या भरात तो चित्रपट पुन्हा पाहिलाही नाही. कुणी त्या प्रसंगाचं कौतुक केलं, तर मला वाटायचं, टोमणा मारतोय.

मग सूड आलाच. निर्मात्यांचे कान भरून मी दादांच्या हातचे तीन चित्रपट काढून घेतले. पुढच्या प्रत्येक खलनायकाला गळ्यात दोरीचा चष्मा दिला, बोलण्याआधी खाकरायची सवय दिली. हसा, हसा, तुम्ही सगळ्यांनी ओळखलं होतंच. नऊ वेळा मारलं मी यांना, एकदा तर विहिरीत ढकलून. वहिनींनी एकदा रस्त्यात थांबवून विचारलं होतं, “भावजी, आमचं काय चुकलं?” मी म्हणालो, कुठं काय, काही नाही, आणि समोरच्या फुटपाथवर निघून गेलो.

गेल्या महिन्यात माझी लेक मोबाइलवर तो चित्रपट पाहून डोळे पुसत आली. म्हणाली, “बाबा, तो पावतीचा प्रसंग काय लिहिलाय तुम्ही!” मी म्हटलं, तो त्यात नाहीच मुळी. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. होता. अख्खा होता, आणि मी लिहिला त्याहून चांगला. पावतीवरून नायकाच्या चेहऱ्यावर यायला दादांनी जो वेळ घेतला आहे, तो कागदावर लिहिता येत नाही हो.

मग मी त्या चित्रपटगृहाच्या ऑपरेटरला शोधून काढलं. ते आता थकलेत, पण आठवण शाबूत आहे. म्हणाले, दिवसात पाच खेळ बसवायचे तर प्रत्येक चित्रपटातून थोडं काढावंच लागायचं. मारामारी काढली तर लोक खुर्च्या मोडतील, म्हणून जिथं कुणी बोलत नाही तेवढं काढायचो. त्या एका पडद्यावर गेलेली चार मिनिटं बाकी सगळीकडे जागच्या जागी होती.

म्हणजे बघा, चुकीच्या माणसाचा सूड घेणाऱ्याची गोष्ट मी लिहिली आणि बावीस वर्षं स्वतःच तसा वागलो. माझं नशीब एवढंच की आमचा घड्याळजी अजून जिवंत आहे.

खरं तर हे मी घरी येऊन सांगायला हवं होतं. दोनदा दारापर्यंत आलो, बेलवर बोट ठेवलं आणि परत फिरलो. मग वाटलं, बदनामी चारचौघांत केली, तर कबुलीही चारचौघांतच द्यावी. दादा, तुमचा काडीचाही दोष नव्हता. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. मला त्याची लाज वाटते.

मी एक नवी पटकथा सुरू केली आहे. तिच्यात दुसऱ्याच प्रसंगात नायक संशयिताच्या घरी जातो आणि सरळ विचारतो. पुढं काय होतं ते मला अजून सुचलेलं नाही. तुम्ही उद्यापासून मोकळे आहात. माझ्याशेजारी बसून ती वाचाल का?

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि एवढा वेळ चहावाचून ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. ते इतरांना या भाषणापुरतं. दादा, वहिनी, तुम्हाला बावीस वर्षांपुरतं.

दादा खाकरले, म्हणजे आता बोलणार. नाही, दोन बोटं वर केलीत. कात्री चालवताहेत आणि हसताहेत. हे सगळं काप म्हणे. दादा, यापुढे तुमचं सगळं ऐकेन, पण ही चार मिनिटं कापायची नाहीत.