हीटर बंद ठेवला होता

मंडळी, मला उभं करू नका, मी बसूनच बोलते. गुडघे माझं ऐकत नाहीत, आणि आज जीभ तरी ऐकेल की नाही, ठाऊक नाही. हातात कागद नाही. मला अक्षर येत नाही. आजवर माझं जे काही बोलणं लिहिलं गेलं ते माझ्या सुनेनं लिहिलं, आणि तिच्याच फोटोला तुम्ही हार घातलाय. आता माझं कोण लिहून घेणार? विनयाची मैत्रीण ही शुभदा, तिनं टेप लावलाय म्हणते. लावू दे.

तुम्ही कुणी उरायासुहून आलात, कुणी त्सुकुबाहून आलात. एवढ्या थंडीत गाड्या बदलत आलात. विनयाला बरं वाटलं असतं. जिवंतपणी नुसतं तिला भेटायला म्हणून आला असतात तर आणखी बरं वाटलं असतं. असो.

सगळे चांगलं बोललात. विनया हसरी होती. विनया सगळ्यांचं करायची. विनयाच्या हातची साबुदाण्याची खिचडी. अहो, खिचडी चिकट व्हायची तिची. मी सासू आहे, मला विचारा. इतकी वर्षं तुम्ही तिच्याकडे येऊन खाल्लंत, आणि आठवली ती खिचडी? पुण्यात इंजिनियर होती ती. स्वतःच्या पगारावर होती. इथे जपानात आली आणि नवऱ्याच्या व्हिसावरची बायको झाली. कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा तो तक्ता वाचत वाचत जपानी शिकली.

मी गप्प बसणार होते. खरंच. पण आत्ता माझ्या मुलाच्या, श्रीकांतच्या ऑफिसचे साहेब बोलले, आणि शुभदानं त्यांचं मराठीत सांगितलं. साहेब म्हणाले की श्रीकांत-साननी घरी बसून मराठी अक्षरं उमटवणारा तो लिहायचा प्रोग्राम बांधला, ऑफिसला त्याचा फार उपयोग झाला, आणि ते बांधत असताना त्यांच्या पत्नीनं त्यांना गरम जेवण दिलं.

साहेब, ते जेवण गरम कसं झालं, ते मी सांगते. शुभदा, हे त्यांना जपानीत सांगत जा. गाळू नकोस काही. खाली बघू नकोस गं, सांग.

मी विनयाला सांगायचे आणि ती लिहायची. माझ्या माहेरच्या गोष्टी, भांडणं, कोण कुणाला काय म्हणालं ते. कॉम्प्युटरवर लिहायचं तर त्यात मराठी उमटेना. नुसते चौकोन. मी म्हटलं, चौकोन तर चौकोन, मला दोन्ही सारखेच. ती म्हणाली, "आई, तुम्हाला सारखे असतील, मला नाहीत."

मग तिनं इथल्या कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली तबकडी आणली. म्हणाली, हा प्रोग्राम कुणाच्या मालकीचा नाही. ज्यांनी लिहिला त्यांनी त्याचं सगळं आतलं उघडं ठेवलंय. ज्याला हवा त्यानं घ्यावा, हवं ते घालावं, आणि आपल्या मशीनवर आपण बांधावा, म्हणजे सुटे तुकडे जोडून चालता करावा. आयता मिळतो, पण आयत्यात मराठी नाही. मला समजेल असं सांगायची ती. म्हणाली, आई, आधी हा विचारत सुटतो, घरात हे आहे का, ते आहे का. मी म्हटलं, म्हणजे लग्नातला आचारी. तर म्हणाली, तसाच, आणि एक वस्तू नसली की तसाच अडून बसतो. मग ती वस्तू शोधायची, ती आधी बांधायची, मग पुन्हा ह्याच्याकडे यायचं. पडद्यावर ओळी धावायच्या. ती गालाला हात लावून बघत बसायची. मध्येच थांबायचं सगळं, आणि ती म्हणायची, "रुसला." मी म्हणायचे, नवऱ्यावर गेलाय.

आता इथली घरं तुम्हाला माहीत आहेत. वीज मापून मिळते. हीटर, मायक्रोवेव्ह आणि कॉम्प्युटर एकदम चालले की दाराजवळची कळ खाली पडते आणि सगळं बंद. आमचा कॉम्प्युटर जुना, ऑफिसनं टाकलेला, बांधायला दिवस घ्यायचा. म्हणून विनयाचा नियम होता. बांधणं चालू असेल तोवर हीटर बंद. मी दोन शाली घेऊन बसायचे. माझी नात सई पांघरुणात शिरून जपानीत कुरकुर करायची. मला कळायची नाही, म्हणून ऐकून घ्यायचे.

एका शनिवारी दुपारी श्रीकांत ऑफिसचा अर्धा दिवस भरून घरी आला. विनयाचं बांधणं सकाळपासून चाललं होतं. रुसवेफुगवे संपले होते, शेवटाला आलं होतं. ती सईला आणायला खाली गेली होती. श्रीकांतनं हीटर लावला आणि ताट मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. मी म्हटलं, अरे थांब, तिचं चालू आहे. तर मला म्हणाला, "आई, ते काय चुलीवरचं दूध आहे उतू जायला?"

कळ पडली. पडदा काळा झाला. पण जेवण तोवर गरम झालं होतं, साहेब. तेवढं तुमचं खरं आहे.

विनया आली. तिनं पडद्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. हीटर बंद केला, कळ वर केली. मशीननं आधी बराच वेळ स्वतःचं अंग चाचपलं, मग तिनं पुन्हा सुरू केलं. मी म्हटलं, आता पुन्हा पहिल्यापासून का गं? म्हणाली, "नाही आई. हे शहाणं आहे. झालेलं पुन्हा करायला लावत नाही. जे अर्धवट राहिलं तेवढं टाकायचं, आणि तिथून पुढे."

संध्याकाळी झालं. म्हणाली, सांगा आई, काय लिहू? मी म्हटलं, लिही, माझा मुलगा जेवला आणि आम्ही गारठलो. तिनं लिहिलं, आणि वाचून दाखवताना एवढी हसली, एवढी हसली. त्या घरात तिला तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढं काय झालं? श्रीकांतच्या ऑफिसात हिंदी-मराठीचं काम आलं. त्यानं हिचा प्रोग्राम नेला, आणि मी केला म्हणून सांगितलं. ऑफिसला माणसं हवी होती तेव्हा. विनया त्याला म्हणाली, "तो कुणी बांधला ते एकदा सांग त्यांना. मला नोकरी मागता येईल." हा म्हणाला, पुढच्या कॉन्ट्रॅक्टला सांगतो. पुढचं कॉन्ट्रॅक्ट आलं. मग त्याच्या पुढचं आलं. नव्या वर्षाच्या जेवणात साहेब तुम्हीच तिच्यापुढे वाकलात, नवऱ्याची काळजी घेते म्हणून आभार मानलेत. तीही वाकली. परत येताना गाडीत मी तिला विचारलं, तोंड शिवलं होतं का तुझं? म्हणाली, "आई, त्यानं सांगायला हवं. मी सांगितलं तर तो खोटा पडेल."

गेल्या महिन्यात तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. आजही त्याच्यासमोर साहेब तेच बोलले, आणि माझा मुलगा मान खाली घालून ऐकत बसला. खोटा पडू नये म्हणून जिनं जपलं, तिच्या फोटोसमोर बसून ऐकलंस, श्रीकांत?

साहेब, तो प्रोग्राम विनयानं बांधला. माझ्या सुनेनं. थंडीत बसून. शुभदा, सांगितलंस? तिचं नाव सांगितलंस? पुन्हा सांग.

झालं. तिचं तेवढंच अर्धवट राहिलं होतं. नवऱ्यानं करायचं होतं, सासूनं केलं.

आता शांतता पाळायची ना? मग घड्याळ बघून नको. विनया बांधायला बसली की आमच्या घरात असायची, तशी हवी. हा हीटर बंद करायचा. तो कोपऱ्यातला चहाचा बंब बंद करायचा. थंडी वाजेल. वाजू दे. कुणी शाल सावरायची नाही, कुणी घड्याळ बघायचं नाही. तिचं चालू आहे असं समजायचं.

श्रीकांत, ऊठ. इथलीही कळ दाराजवळच आहे. तू बंद कर.