इर्माकाकूकडे आलेली मित्राची पुंगळी

—मित्राची म्हणे! बस रे पोरा, त्या खोक्यावरच बस. अरे, या गॅरेजमध्ये जो येतो तो मित्राचीच डाय घेऊन येतो. स्वतःच्या डायमध्ये काडतुसाची पुंगळी अडकली असं अख्ख्या मोन्टानात आजवर कुणी कबूल केलेलं नाही — पाद्रीबाबासुद्धा मित्राचीच घेऊन आले होते, कान लालबुंद! वंगण लावायला विसरला, हो ना तुझा मित्र? गोळी उडालेली पुंगळी फुगलेली असते बाबा, ती पुन्हा भरायला डायच्या साच्यात दाबून मापात आणायची तर वंगणाचं बोट नको फिरवायला? कोरडी घातली की रुतली — मग बस ओढत! आणि शनिवारी शिकारीचा हंगाम उघडतोय म्हटल्यावर आठवते इर्माकाकू. आण इकडे, व्हाइसच्या जबड्यात घट्ट धरू. पुंगळीच्या बुडाला भोक पाडायचं, त्यात आटे पाडायचे, बोल्ट घालून हळूहळू —

थांब. चष्मा दे बघू. हा ओरखडा आमच्या बाबांनी काढलेला. बाबांची डाय आहे ही! म्हणजे तुझा मित्र कोण, तर माझा भाऊ — आर्व्हिड! खाली काय बघतोस? बाबा गेल्यावर यानं रायफल नेली, डाय नेली, मला नुसता हा पुंगळ्या दाबायचा प्रेस ठेवला, आणि त्यावरून सहा वर्षं बोलणं बंद. राहतो कुठं? दोन मैलांवर! लहानपणीही असाच विसरभोळा — बाबांनी बघायच्या आत अडकलेली पुंगळी मीच काढून द्यायची, दरवेळी मीच. ते ड्रिल दे. मला काय, मी कुठं वाट बघत बसलेय? शिकारीला एकटी जातेच की. थर्मासबरोबर दोन पेले नेते, ते आपले — एखादा पडला-बिडला तर. हसू नकोस! येते आठवण त्या गाढवाची, झालं समाधान?

हं, आता बोल्टवर पाना फिरव. अजून. जोर लाव, जेवलास ना? अजून थोडा — निघाली! बघ, डायला नवा चरासुद्धा नाही —

नाही. तू काही बघितलं नाहीस. डाय राहील माझ्या खिशात. त्याला सांग, इर्मा म्हणते, काही केल्या निघत नाही. स्वतः ये म्हणावं, शनिवारच्या आत. — ऊठ की आता, बसलायस काय!