पेनाने सोडवलेलं कोडं

दाढ ठणकत होती, म्हणून मॉर्टन ग्लिक ब्रुकलिनमधल्या दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसला होता. समोर दोन म्हाताऱ्या पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. कोडं त्यानेच रचलेलं होतं. त्याने कान टवकारले.

“आडवा सात. सुयांची डबी.”

“एटुई. लिहिलं.”

“बर्निस, चाळीस वर्षं शिवणकाम केलंस तू. कधी म्हणालीस एटुई?”

“छे गं! आमच्या सुया बिस्किटांच्या डब्यात. पुढचं सांग.”

“समुद्री गरुड.”

“अर्न.”

“पाहिलायस कधी?”

“दर मंगळवारी याच कोड्यात येऊन बसतो मेला.”

“म्हणून पेनाने लिहितेस होय!”

“मग? खोडायची वेळ येतेच कुठे?”

“रचतं तरी कोण हे?”

“हे काय, छापलंय. मॉर्टन ग्लिक. वारला असेल बिचारा. पेपरवाले जुनीच कोडी फिरवतायत.”

“अगं, मागच्या आठवड्यात त्यात मोबाइल होता.”

“मग मुलगा चालवत असेल दुकान. माल मात्र बापाच्याच वेळचा.”

तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

“मॉर्टन ग्लिक!”

दोघींनी चटकन माना वर केल्या. कोण उठतंय ते बघायला मॉर्टननेही, गाल धरूनच, इकडेतिकडे पाहिलं.